सीटबेल्टच्या आधी सीट

मुलीच्या शाळेच्या परिवहन समितीत मी पालकांची प्रतिनिधी आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूलबससाठी स्वतंत्र नियम लागू आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती असावी लागते. पालक, वाहतूक पोलीस, परिवहन खाते आणि बस चालवणारे कंत्राटदार यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. या वर्षी शाळा सुरू झाली आणि समितीकडे पालकांच्या सह्यांचे एक निवेदन आले. शाळेच्या सर्व बसगाड्यांना सीटबेल्ट बसवावेत, एवढीच त्यात मागणी होती. मागणी रास्त होती आणि तिला कोणी विरोध करील असेही नव्हते. तरीही तिच्यावर मत देण्यापूर्वी मी जे वाचले, वाहनांत डोकावून जे पाहिले आणि कंत्राटदारांशी व व्हॅनवाल्या काकांशी जे बोलले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. बैठकीत बोलायला मिळणाऱ्या पाच मिनिटांत ते मावणारे नाही.

त्या सह्यांकडे नीट पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच पालकांची मुले बसने येतच नाहीत. ती व्हॅनने किंवा रिक्षाने येतात. ज्या वाहनात मूल रोज बसते त्याच्याबद्दल निवेदनात अवाक्षर नव्हते आणि ज्यात ते बसत नाही त्याला मात्र पट्टे हवे होते. यात ढोंग आहे असे मला वाटत नाही. बस ही शाळेची म्हणून तिच्याकडे मागता येते, आणि व्हॅन आपण स्वतः ठरवलेली असते, म्हणून तिच्याबद्दल मागायचे कोणाकडे हा प्रश्न पडतो. पण धोक्याची उतरंड लावायची झाली तर ती नेमकी उलटी लागते, आणि तसे का ते आधी सांगायला हवे.

वाहन एकाएकी थांबले तरी आत बसलेले मूल आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर. त्या वेगाने समोरच्या वस्तूवर आदळणे आणि साधारण सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली पडणे यात गणिताच्या दृष्टीने फरक नाही. सीटबेल्टची गरज इथून सुरू होते. मात्र टक्करीत प्रत्येक वाहनाचा वेग सारखाच तुटत नाही, आणि इथेच वाहनाची निवड महत्त्वाची ठरते. नऊ टनांची बस आणि एक टनाची मोटार, दोन्ही ताशी 40 च्या वेगाने, समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असे धरले, तर ढोबळ हिशेबाने बसचा वेग 40 वरून 32 वर येतो, आणि मोटार मात्र 40 ने पुढे जात असताना क्षणात 32 ने मागे ढकलली जाते. बसमधल्या मुलाला आठ किलोमीटरचा धक्का बसतो, मोटारीतल्या मुलाला 72 चा. शिवाय बसची फरशी मोटारीच्या बंपरपेक्षा बरीच उंच असते, त्यामुळे मार बहुतेक वेळा मुलांच्या पायांखाली बसतो. समोर भरलेला ट्रक आला तर हे सगळे गणित बसच्या विरोधात फिरते, हेही खरेच. इंदूरमध्ये 5 जानेवारी 2018 रोजी एक स्कूलबस दुभाजक ओलांडून पलीकडच्या ट्रकवर आदळली आणि तिच्यातली चार मुले व चालक दगावले. तरीही शहराच्या आतल्या रस्त्यांवर, रोजच्या वर्दळीत, मोठी बस तिच्या वजनामुळेच लहान वाहनापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

अमेरिकेत या विचाराला नियमाचे रूप मिळाले. तिथल्या पिवळ्या मोठ्या स्कूलबसना बहुतेक राज्यांत आजही सीटबेल्ट नसतात, हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटते. मलाही वाटले होते. 1 एप्रिल 1977 पासून लागू झालेल्या तिथल्या केंद्रीय मानकाने पट्ट्याऐवजी आसनांवरच भर दिला: पाठी उंच हव्यात, मागच्या बाजूनेही मऊ गादीने मढवलेल्या हव्यात, धक्का बसला तर तो शोषत वाकणाऱ्या हव्यात आणि दोन रांगांत अंतर कमी हवे, म्हणजे पुढे फेकले गेलेले मूल लांब न उडता समोरच्या गादीतच थांबेल. पुढे 2008 मध्ये या पाठींची किमान उंची 20 इंचांवरून 24 इंचांवर नेण्यात आली. यातला आपल्या कामाचा भाग वेगळाच आहे. हा युक्तिवाद त्यांनी फक्त मोठ्या बसपुरता मान्य केला. दहा हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन, किंवा त्याहून कमी वजनाच्या लहान स्कूलबसना त्यांनी पहिल्यापासून पट्टे सक्तीचे ठेवले, कारण लहान वाहनाला बसणारा धक्का मोटारीच्या जवळ जाणारा असतो. शिवाय दहाहून अधिक प्रवाशांच्या साध्या व्हॅन शाळेच्या नियमित वाहतुकीसाठी नव्या विकण्यासही तिथल्या केंद्रीय कायद्याची विक्रेत्यांना मनाई आहे. त्या स्कूलबसच्या मानकांत बसत नाहीत, एवढे कारण पुरते.

आसनांच्या या पद्धतीची मर्यादाही तिथे उघडी पडली. समोरून टक्कर झाली तर मूल गादीत थांबते. बस कलंडली किंवा तिला बाजूने मार बसला तर ते थांबवायला काहीच नसते. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरात 21 नोव्हेंबर 2016 रोजी वेगाने वळण घेणारी स्कूलबस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि सहा मुले गेली. त्यानंतर 2018 मध्ये तिथल्या अपघात तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने नव्या मोठ्या स्कूलबसमध्येही कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे असावेत अशी शिफारस राज्यांना केली. कॅलिफोर्नियाने तर तसे पट्टे कितीतरी आधीच सक्तीचे केले होते. वाद तिथे संपलेला नाही, पण तो आता मोठ्या बसपुरताच उरला आहे. लहान वाहनाला पट्टा हवा की नको, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

आता आपल्या बसच्या आत येऊ. आमच्या शाळेच्या काही बस कंपनीतूनच स्कूलबस म्हणून तयार होऊन आलेल्या आहेत. भारतात अशा बससाठी वेगळे मानक आहे, आणि वाहनांची मानके तयार करण्याचे काम जिथे चालते ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. पण उरलेल्या बस कंत्राटदाराच्या साध्या प्रवासी गाड्या आहेत. सकाळी मुले सोडून त्या कारखान्याच्या पाळीवर जातात आणि दुपारी परत शाळेवर येतात. त्यांच्यात लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर रेक्झीन चढवलेली, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन अशी आसने असतात. आसनांच्या पाठी बुटक्या, आणि पाठीच्या वरच्या कडेला उभ्या प्रवाशाने धरण्यासाठी लोखंडी दांडा. दुसरीतले मूल मागच्या आसनावर बसले की तो दांडा नेमका त्याच्या तोंडासमोर येतो. करकचून ब्रेक लागला तरी ओठ फुटतो आणि दात हलतो. हे आमच्याकडे घडलेले आहे आणि त्याला कोणी अपघात म्हणतही नाही. अमेरिकेत मोठ्या बसला पट्टा नसतो, तर आपल्याला कशाला हवा, असे एक कंत्राटदार मला म्हणाले तेव्हा मी त्यांना हा दांडा दाखवला. तिथे पट्ट्याचे काम गादी करते. इथे गादीच्या जागी लोखंड आहे.

मग पट्टे बसवून टाकावेत, हे उत्तर सोपे वाटते, पण त्यातही खाचा आहेत. आसनक्षमता न बदलता गॅरेजमध्ये स्वस्तात बसवून मिळतो तो फक्त कमरेचा पट्टा. मोठ्या माणसाच्या ओटीपोटाच्या हाडावर तो नीट बसतो. लहान मुलाचे ते हाड पुरेसे वाढलेले नसते, त्यामुळे पट्टा वर सरकून पोटावर येतो. टक्कर झाली की कमरेपाशी अडकलेले मूल पुढे दुमडते, सगळा भार पोटातल्या मऊ अवयवांवर आणि मणक्यावर पडतो, आणि डोके तरीही समोरच्या दांड्यावर आदळते. खांद्याचा पट्टा असेल तर हे टळते, पण त्याला वरून धरून ठेवायला उंच आणि भक्कम पाठ लागते. हा भार किती असतो याचा अंदाज घ्यावा. मुलाचे वजन 25 किलो आहे आणि टक्करीत गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का बसला असे धरले, तर एका पट्ट्यावर अर्ध्या टनाची ओढ येते. तीन मुलांच्या बाकावर दीड टनाची. फरशीच्या प्लायवूडमधून चार स्क्रू मारून बसवलेला बाक ती ओढ पेलणार नाही. तो मुलांसकट उखडून पुढच्या रांगेवर जाईल. म्हणून जुन्या बसला नंतर पट्टे लावून घेण्याच्या मी विरोधात आहे. पट्टे हवेत ते कारखान्यातूनच, आसन, पाठ आणि फरशीतली पकड यांची एकत्र चाचणी झालेले. जुन्या बसला करायचेच असेल तर तो लोखंडी दांडा आणि पाठीचा मागचा भाग जाड फोमने मढवावा. खर्च थोडा येतो आणि उपयोग रोज होतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली अडचण मात्र आणखी वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल निवेदनात काहीच नाही. आपल्याकडे बारा वर्षांखालील मुलांसाठी आसनक्षमतेच्या दीडपट मुले नेण्याची सवलत वर्षानुवर्षे रुजलेली आहे. तीन आसनी रिक्षात पाच मुले, हा हिशेब तिच्यातूनच निघतो. दोन आसनांवर तीन मुले बसवायची म्हटली की सीटबेल्टचा प्रश्न तिथेच संपतो, कारण पट्टा एका जागेला एक असतो. तिसऱ्या मुलाला तो नसतो, आणि एका पट्ट्यात दोन मुले बांधली तर ती टक्करीत एकमेकांनाच चेंगरतात. दीडपटीची सवलत कायम ठेवून पट्ट्यांची मागणी करणे म्हणजे कोणत्या मुलाला पट्टा नाही हे ठरवण्याचे काम बसमधल्या मदतनीस ताईंवर सोपवणे आहे.

ब्रिटनमध्येही अशीच सवलत होती: दोन आसनांवर तीन मुले. 18 नोव्हेंबर 1993 च्या रात्री लंडनहून सहलीवरून परतणारी एका शाळेची मिनीबस एम-40 महामार्गावर उभ्या असलेल्या देखभालीच्या वाहनावर आदळली. 12 विद्यार्थी आणि मिनीबस चालवणाऱ्या शिक्षिका दगावल्या. त्यानंतर पालकांनी चळवळ केली आणि 1997 मध्ये मुलांच्या गटांना नेणाऱ्या मिनीबस व कोचसाठी नियम आला, की प्रत्येक मुलाला पुढे तोंड असलेले स्वतंत्र आसन आणि त्याला पट्टा असलाच पाहिजे. या वाहनांपुरती तीनास दोनची सवलतही त्याबरोबरच गेली. दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या, आणि एकत्रच होऊ शकत होत्या. योगायोग असा, की त्याच 1997 साली, त्याच 18 नोव्हेंबरला, दिल्लीत वजिराबाद पुलावरून मुलांनी खचाखच भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने लगेचच लक्ष घातले आणि 16 डिसेंबर 1997 पर्यंत आदेशही दिले. अनुभवी चालक, गतिनियंत्रक, सोबत जबाबदार माणूस, अशा आज आपल्याला सरावाच्या झालेल्या अनेक अटींचे मूळ त्या काळात आहे. खचाखच भरलेल्या बसच्या अपघातातून इतके काही बदलले, पण एका मुलाला एक जागा हा साधा नियम मात्र तेव्हापासून आजतागायत सर्वत्र रुजलेला नाही.

आता व्हॅन. पुण्या-मुंबईत किंवा नाशकात वाढलेल्या कोणालाही शाळेची व्हॅन म्हटले की मारुती ओम्नी आठवते. 1984 मध्ये आलेली ही गाडी 2019 मध्ये बंद झाली, कारण टक्कर-सुरक्षेचे नवे निकष तिच्या बांधणीत बसणारे नव्हते. तिला पुढे बॉनेट नव्हतेच. चालकाचे आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचे गुडघे पत्र्यापासून वीतभर अंतरावर. शाळांच्या दारात तिची जागा घेणाऱ्या मारुती ईकोच्या तेव्हाच्या, एअरबॅग नसलेल्या नमुन्याची मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2016 मध्ये चाचणी घेतली तेव्हा मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्यानंतर गाडीत सुधारणा झाल्या आहेत, पण शाळांच्या दारात उभ्या राहणाऱ्या बऱ्याच व्हॅन जुन्याच आहेत. आणि सुधारणा कारखान्यात झाल्या तरी त्यानंतर गाडीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. मधली सीट मागे सरकवून तिच्यासमोर फळी टाकली जाते, मुले समोरासमोर तोंड करून बसतात, मागे सीएनजीची टाकी असते आणि तिच्यावरही गादी टाकून दोन मुले बसवलेली असतात. कंपनीने दिलेले पट्टे सीटखाली दडपलेले असतात. सर्वांत लहान मूल मागच्या दाराला टेकून बसलेले असते, कारण ते कुठेही मावते.

या वाहनाला बसने दिलेली धडक म्हणजे वर मांडलेल्या गणितातला 72 चा धक्का. पट्ट्याची सर्वांत जास्त गरज इथे आहे आणि तो सर्वांत कमी इथेच वापरला जातो. मागे बसलेल्याला पट्ट्याची गरज नसते, हा समज 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघाताने काही दिवस तरी हलला होता. सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मागच्या आसनावर पट्ट्याविना होते आणि ते दोघे गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून मोटारीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. चर्चा मोटारींची झाली आणि व्हॅन तिच्यातून निसटली. कायद्यातून ती निसटलेली नाही, हे मात्र सांगायला हवे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातले कलम 194 ब चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे संरक्षक आसन नसेल तर एक हजार रुपये दंड सांगते. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी बसवले तर कलम 194 अ नुसार दर जादा प्रवाशामागे दोनशे रुपये, आणि जादा प्रवासी उतरवून त्यांची पर्यायी सोय होईपर्यंत वाहन हलवता येत नाही. हे शेवटचे वाक्य कडक वाटते, पण सकाळी पावणेसात वाजता दहा मुले रस्त्यावर उतरवून त्यांची पर्यायी सोय कोणता पोलीस करील? त्यामुळे बहुतेक वेळा गाडी तशीच पुढे जाते, आणि यात मी एकट्या पोलिसांना दोष देणार नाही.

व्हॅनवाल्या काकांनाही नाही. आमच्या भागातले एक काका गेली अनेक वर्षे मुले नेतात. कोणाला ताप आहे, कोणाची आई आज घरी नाही, हे त्यांना शाळेआधी कळते, आणि असा माणूस बसमध्ये मिळणे अवघड असते. त्यांनी मला त्यांचा हिशेब सांगितला आणि तो बरोबर आहे. समजा, चालकासकट सात जणांच्या व्हॅनमध्ये ते बारा मुले नेतात आणि प्रत्येकाकडून महिन्याला दीड हजार घेतात. अठरा हजार झाले. जितकी आसने तितकीच, म्हणजे सहाच मुले न्यायची तर तेवढेच मिळवण्यासाठी प्रत्येकाकडून तीन हजार घ्यावे लागतील. इंधन, हप्ता, विमा आणि उन्हाळ्याची बिनकमाईची सुट्टी यातले काहीही मुले कमी झाली म्हणून कमी होत नाही. तीन हजार देणारे पालक किती, असे त्यांनी मला विचारले तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. बसचे शुल्क परवडत नाही म्हणूनच मुले व्हॅनमध्ये येतात. सीटबेल्टची मागणी करणाऱ्या प्रत्येक पालकाने या दुप्पट आकड्यावरही सही करायला हवी, नाहीतर निवेदन अर्धेच राहते.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाड्यांतून मुले नेली जातात त्यांचे आणखी एक दुखणे आहे, जे अपघात होईपर्यंत दिसत नाही: खासगी मोटारीची विमा पॉलिसी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नसते, आणि भरपाईची वेळ आली की पहिला वाद तिथेच उभा राहतो. राज्य सरकारने 2025 मध्ये शाळेच्या व्हॅनना निश्चित अटींवर अधिकृत परवाने देण्याचे जाहीर केले, ते मला योग्य वाटते. ज्या वाहनात मुले बसणारच आहेत त्याला नियमाबाहेर ठेवण्यापेक्षा नियमात आणलेले बरे. पण जीपीएस आणि कॅमेऱ्यांची यादी वाचताना मला सतत वाटत राहिले, की कॅमेरा टक्कर झाल्यावर कामाला येतो आणि पट्टा टक्कर होत असताना. पैसे मोजकेच असतील तर ते आधी कुठे घालावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रिक्षाबद्दल थोडक्यातच लिहिते. उघड्या बाजूंच्या, तीन चाकांच्या वाहनाला मुलांच्या नियमित वाहतुकीसाठी सुरक्षित करता येत नाही, आणि चालकाच्या शेजारी अर्ध्या जागेवर बसलेल्या मुलासाठी कोणताही उपाय नाही. दुचाकीचे मात्र विसरून चालणार नाही. बसला पट्टे नाहीत म्हणून चिडून मुलाला बसमधून काढायचे आणि स्कूटरवर, आईच्या पुढ्यात उभे करून, शाळेला न्यायचे, हा अगदी उलटा सौदा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना बांधून ठेवणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा हे फेब्रुवारी 2023 पासून बंधनकारक आहे. आमच्या शाळेच्या बालवर्गाच्या दारात मी तो पट्टा अजून पाहिलेला नाही.

पट्ट्याला होणारा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. बसला आग लागली किंवा ती पाण्यात गेली तर बांधलेली मुले सुटणार कशी? केंटकी राज्यात 14 मे 1988 रोजी मद्यधुंद चालकाच्या पिकअप ट्रकने एका जुन्या स्कूलबसला धडक दिली आणि इंधनाच्या टाकीने पेट घेऊन 27 जण गेले. सगळे आगीने आणि धुराने गेले, धडकेने कोणी नाही. ती बस 1977 ची नवी मानके लागू होण्याच्या काही दिवस आधी तयार झालेली होती, त्यामुळे टाकीभोवतीचे संरक्षक कवच तिला नव्हते, आणि मागच्या संकटकालीन दाराकडे जाणारी वाट आसनांमुळे अरुंद होती. यावरून पट्टा नको असे मात्र ठरत नाही, कारण धडकेत बेशुद्ध झालेले मूल स्वतःहून बाहेर पडत नाही आणि पट्ट्याने शुद्धीवर राहिलेले मूल पडू शकते. ठरते ते एवढेच, की वाट आणि दार मोकळे हवे. आमच्या दोन बसमध्ये मागच्या दाराला टेकून दप्तरांचा ढीग असतो आणि एकीत तर तिथे जादा बाक जोडलेला आहे. केंद्रीय मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये स्कूलबसच्या प्रवासी भागातही आगीची सूचना देणाऱ्या व ती रोखणाऱ्या यंत्रणेची तरतूद केली, पण जुन्या बसमध्ये ती नाही, तिथे मोकळे दार हाच उपाय. बाक काढायला पाना आणि दहा मिनिटे लागतात.

आणि बसच्या बाहेरचा भाग. नागपुरात जानेवारी 2012 मध्ये एक लहान मुलगा स्वतःच्याच स्कूलबसच्या चाकाखाली आला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. असे अपघात कोणत्याही पट्ट्याने टळत नाहीत. बसच्या पुढच्या चाकाजवळचे सातआठ फुटांचे अंतर बुटक्या मुलासाठी सर्वांत वाईट असते. चालकाला ते मूल आरशातही दिसत नाही. अमेरिकेत बस थांबली की तिच्या बाजूने थांब्याची पाटी बाहेर येते आणि मागची वाहने थांबतात. आपल्याकडे सिंहगड रस्त्यावर अशी पाटी काढून पाहावी! म्हणून आपल्याकडे सगळी भिस्त मदतनीस ताईंवर आहे. त्यांनी आधी खाली उतरायचे, मुलाचा हात धरून त्याला दारापासून दूर न्यायचे, रस्ता ओलांडायचा असेल तर स्वतः ओलांडून द्यायचा, आणि त्या परत वर चढल्याशिवाय चालकाने गिअर टाकायचा नाही. हे काम करणाऱ्या बाईंना आमचा कंत्राटदार जो पगार देतो, तो ऐकून मला संकोच वाटला.

गावाकडची गोष्ट वेगळी आहे हे मला माहीत आहे. राज्यातल्या सव्वाशे मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या एसटी गाड्यांनी मुलींना शाळेपर्यंत आणले. तिथे पट्ट्याची चर्चा करणे म्हणजे भरल्या पोटी बोलणे होईल. तिथे गाडी वेळेवर यावी आणि तिच्यात उभे राहायला तरी जागा असावी, हीच सुरक्षितता. मी जे लिहिते आहे ते फी भरून वाहन ठरवणाऱ्या शहरी पालकांसाठी.

समितीपुढे मी ठेवलेला प्रस्ताव निवेदनापेक्षा वेगळा आहे. शाळेच्या बसमध्ये दीडपटीचा हिशेब या सत्रापासून बंद करावा, म्हणजे जितकी आसने तितकीच मुले, मग ती पहिलीतली असोत की नववीतली. जुन्या बसमधले दांडे मढवावेत आणि मागची दारे मोकळी करावीत. कंत्राटाचे नूतनीकरण होईल तेव्हा येणारी प्रत्येक नवी बस कारखान्यातूनच तीन बिंदूंच्या, म्हणजे कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या पट्ट्यांची आसने घेऊन यावी. व्हॅन शाळेच्या कंत्राटात नाहीत म्हणून त्यांच्याकडे डोळेझाक करू नये. शाळेच्या दारात मुले उतरवणाऱ्या प्रत्येक व्हॅनची नोंद, परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि वापरात असलेले पट्टे समितीने पाहावेत, आणि फळ्या काढायला लावाव्यात. शेवटच्या मुद्द्यावर मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली, की तसे केले तर व्हॅन शाळेच्या दाराऐवजी पुढच्या चौकात मुले उतरवतील आणि मुलांना तो चौक चालत ओलांडावा लागेल. ही हरकत खरी आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे अजून तोडगा नाही. कंत्राटदाराने दोन नव्या बससाठी पट्ट्यांच्या आसनांचा दर मागवला आहे. तो आला की दर मुलामागे फी किती वाढेल याचा आकडा काढून दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत मांडायचा, एवढे सर्वांनी मान्य केले आहे. व्हॅनवाल्या काकांनाही त्या सभेला बोलावले आहे.